सातव्या वाफ्यातली तगर

“टॅबर्नेमोंटाना गं बाई, नाव मोठं, घर लहान,
तगर माझी लेक, दुधानं भरलं पान…”

मेंदीच्या कुंपणाशी वाकून ठकूबाई तण काढत गात होती आणि मी तिच्या डोक्याशी छडी घेऊन उभी होते. छडी झाडं दाखवायला आणलेली होती. पण त्या वयात माझ्या हातात फुलांची परडी दिली असती तरी ती छडीसारखीच दिसली असती.

“ठकूबाई, गाणं नको. नुसतं नाव सांगा.”

“सांगितलं की.”

“त्यात लेक कुठून आली?”

“मग लेकीबिगर सासरचं नाव ठिवायचं कुनाला?” तिनं मूठभर तण मागं फेकलं. थोडं माझ्या चपलेवर पडलं. मुद्दाम नसावं.

मी चोवीस वर्षांची होते. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी., पहिला वर्ग, आणि वाळवून कागदाला चिकटवलेल्या सहाशे वनस्पती तोंडपाठ. जिवंत झाडांशी ओळख तेवढी नव्हती, पण ती काय, पुढेमागे झाली असती. कृष्णाकाठच्या एका कॉलेजात हंगामी अधिव्याख्याती म्हणून लागले, तेव्हा प्राचार्य खर्शीकरांनी मला खिडकीशी नेऊन मागची बाग दाखवली आणि म्हणाले, “मिस सोवनी, ही आज नुसती बाग आहे. फेब्रुवारीत विद्यापीठाची कमिटी येईल तेव्हा ती वनस्पतिउद्यान झालेली पाहिजे.”

बागेचं वनस्पतिउद्यान व्हायला फार काही लागत नाही. प्रत्येक झाडापुढे एक पत्र्याची पाटी रोवायची आणि तीवर कुणालाही उच्चारता येणार नाही असं एक नाव लिहायचं. झाडांना काही वाटत नाही.

वाटणार होतं ते ठकूबाईला. अठरा वर्षं ती त्या बागेत रोजंदारीवर होती. अर्धी झाडं तिच्या हातची. यंदा माळ्याची एक कायम जागा मंजूर झाली होती आणि प्राचार्यांनी अट घातली होती: जो कमिटीपुढे झाडांची शास्त्रीय नावं सांगेल, तोच कायम. नाही सांगितली, तर बाग ठेकेदाराकडे. ठकूबाईला अक्षर येत नव्हतं. तिला पन्नास लॅटिन नावं शिकवायचं काम माझ्याकडे आलं. कमिटीच्या अहवालात बागेबद्दल बरं लिहून आलं, तर माझीही नेमणूक कायम व्हायची होती. एकूण आम्ही दोघी एकाच फांदीवर बसलो होतो. मी मात्र स्वतःला शेंड्यावर समजत होते.

शिकवणी रोज दुपारच्या सुट्टीत चाले. ती भाकरीचं फडकं सोडून बसे आणि मी शास्त्र सोडून बसे.

“चाफा म्हणजे कोणता?” मी विचारायची. “सोनचाफ्याचं कूळ वेगळं, देवचाफ्याचं वेगळं, हिरव्या चाफ्याचं वेगळं, नागचाफ्याचं आणखी वेगळं. एकमेकांशी काडीचं नातं नाही, आणि तुम्ही सगळ्यांना एकच आडनाव देऊन मोकळ्या!”

“नातं कसं न्हाई? वास घ्या की. वासाची भावकी हाय त्यांची.”

“वासावरून कूळ ठरत नाही. फुलाचा छेद घ्यावा लागतो. चिरून बघावं लागतं.”

“चिरून नातं ठरवायचं?” तिनं चटणीत भाकरी बुडवली. “आमच्यात चिरल्यावर तुटतंय.”

जास्वंदीला हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस म्हणायचं, रोझा-सायनेन्सिस म्हणजे चीनचा गुलाब, हे सांगितलं त्या दिवशी ती इतकी हसली की तिला ठसका लागला. “जास्वंदीला गुलाब म्हनायचं, त्येबी चीनचा, आनि वर म्हनायचं मराठी नावानं घोटाळा हुतो!” पारिजातकाचं नाव निक्टँथेस आर्बोर-ट्रिस्टिस, म्हणजे दुःखी झाड. तिनं विचारलं, “कुनी ठिवलं?” मी म्हटलं, फार मोठा शास्त्रज्ञ होता. ती म्हणाली, “असंल. पन सकाळी येत नसंल.”

एवढं सगळं होऊन ती नावं विसरत नसे. तीनदा ऐकलं की चौथ्यांदा त्या नावाची ओवी झालेली असे.

“हिबिस्कस म्हनती तिला, पाव्हणे आले साताठ,
जास्वंद माझी बाई, लाजून फिरवी पाठ.”

मी ओवी बाद करून फक्त लॅटिन उच्चार तपासायची. गहू पाखडून मी कोंडा जपून ठेवत होते हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

एकाच झाडापाशी ती अडे. विहिरीजवळच्या बकुळीपाशी. तिचं लॅटिन नाव, मिमुसॉप्स एलेंगाय, तिनं पहिल्याच फटक्यात उचललं. पण मी उलटं विचारलं की गप्प.

“मिमुसॉप्स एलेंगायचं मराठी नाव?”

“त्ये झाड.”

“ते झाड म्हणजे कुठलं?”

“त्ये हिरीजवळचं. त्ये नाव मी घेत न्हाई.”

मला एकदम ज्ञान झालं. “नवऱ्याचं नाव आहे का त्यात?”

“नवऱ्याचं नाव ज्ञानू. त्ये मी दिवसातनं धा बारी घेते, शिव्या घालताना.” मग तिनं पदर नीट केला. “सासूचं हाय. सुनेनं सासूचं नाव घेऊ नये आमच्यात. सासू जिती हाय अजून. ह्ये तुमचं मिमुसॉप्स लई बेस झालं बगा. अठरा वर्सं त्या झाडाला हाक मारायची सोय न्हवती. ह्या नावाला कुनाची सासू न्हाई.”

लॅटिनचा माझ्या माहितीतला हा पहिला प्रत्यक्ष उपयोग. कुठल्याही पाठ्यपुस्तकात तो दिलेला नाही.

“आणि ठकू हे तुमचं माहेरचं नाव?”

“म्हायेरचं कुनाचं ऱ्हातंय? तांदळाच्या ताटात अंगठीनं लिवलं, ठकू. मला वाचता कुठं येतंय? भटजीनं वाचून दाखवलं तवा कळलं, आपुन ठकू झालो.”

“मग माहेरचं काय होतं?”

“ऱ्हाऊ द्या. आता त्या नावानं हाक मारायला हाय कोन?” आणि तिनं विषय माझ्याकडे वळवला. “तुमचं काय, बाई? घरी लगीनबिगीन ठरतंय का?”

मी तिला ते सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. स्टाफरूममध्ये कुणाला सांगितलं नव्हतं. इंदूरचं स्थळ होतं. घर मोठं, माणसं सुसंस्कृत, एवढी की सगळ्या सुनांना त्यांनी नद्यांची नावं दिली होती. थोरली नर्मदा, मधली यमुना. मुलगा दाखवायच्या आधी त्यांनी माझं उज्ज्वला हे नाव बदलून नवं ठरवून पत्रानं कळवलं होतं: क्षिप्रा. वडील म्हणाले होते, नोकरी कायम झाली तर मी नकार कळवतो, नाहीतर मे महिन्यात बार उडवायचा.

“म्हंजी हितं पक्कं झालं तर तुम्ही उज्ज्वला,” ठकूबाई म्हणाली, “आनि न्हाई झालं तर नदी.”

“हो. वाहत जायचं इंदूरला.” मी हसले.

ती हसली नाही. उरलेली भाकरी फडक्यात बांधून उठली आणि कितीतरी वेळ एकाच जागी खुरपत राहिली. तिथे तण नव्हतं.

जानेवारीत प्राचार्यांना वाटलं की झुडपं फार झाडांसारखी दिसतात. त्यांनी सगळ्या झुडपांची छाटणी करून त्यांचे हिरवे चेंडू करवून घेतले. कळ्या, फुलं, फांद्यांची ठेवण, ओळखीच्या सगळ्या खुणा कात्रीखाली गेल्या. मग पेंटरकडून पाट्या आल्या, पांढऱ्यावर काळी अक्षरं, वर लॅटिन आणि खाली बारीक मराठी, सावत्र भावासारखं. त्या मी रविवारी रोवल्या. ठकूबाईची सुट्टी असते म्हणून मुद्दाम रविवारी. शास्त्रीय कामात लुडबूड नको. जुन्या रजिस्टरात वाफ्यांची यादी होती, डोक्यात वाळलेले सहाशे नमुने होते. सातव्या वाफ्यात दोन चेंडू शेजारी शेजारी होते, एक अनंत आणि एक दुहेरी तगर. पानं दोघांची समोरासमोर, चकचकीत, गडद. फुलं असती तरी लांबून फसायला झालं असतं. मी नीट निरखून बघितलं, पहिल्यापुढे गार्डेनिया जास्मिनॉइडिस म्हणजे अनंत ही पाटी ठोकली आणि दुसऱ्यापुढे तगरीची.

सोमवारी ठकूबाई वाफ्यांवरून फिरली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी प्रत्येक पाटीशी नाव म्हणत चालले होते. सातव्या वाफ्याशी ती थांबली.

“बाई, पान मोडून बगितलं का?”

“झाडं मोडायची नसतात, ठकूबाई. ओळखायची असतात.”

“तसं न्हवं. जरा पान मोडून—”

“पाट्या मी लावल्यात. तुम्ही पाठ करा.”

ती पुढच्या वाफ्याकडे गेली. जाताजाता तीच तगरीची ओवी गुणगुणत होती, जरा मोठ्यानं. मला वाटलं, उजळणी करते आहे.

कमिटीत तिघे होते. दोघांना चहाची घाई होती. तिसरे डॉ. चौबळ, सत्तरीला टेकलेले, पांढरा बुशशर्ट, खिशाला दोरीनं बांधलेलं भिंग. त्यांनी प्राचार्यांचं स्वागताचं भाषण हात वर करून अर्ध्यात थांबवलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं की हा माणूस झाडं बघायला आला आहे.

ठकूबाई नवं लुगडं नेसून आली होती. डॉ. चौबळ छत्रीच्या टोकानं झाड दाखवत आणि ती सांगत जाई. ओठ आधी हलत, ओवीची ओळ आतल्या आत पुरी होई, मग नाव बाहेर पडे. मिशेलिया चंपाका. मेसुआ फेरिया. आर्टाबॉट्रिस हेक्सापेटॅलस. बकुळीपाशी तिनं मिमुसॉप्स एलेंगाय असं काही ठणकावून सांगितलं की चहावाल्या सदस्यांपैकी एक दचकला.

“बाई, कुणी शिकवलं हे?” डॉ. चौबळांनी विचारलं.

“ह्या सोवनीबाईंनी. लई जीव लावून शिकवलं.”

हे खोटं होतं, पण मी ते स्वीकारलं. त्या दिवशीचं ते पहिलं.

सातव्या वाफ्यापाशी छत्री पहिल्या चेंडूवर टेकली.

“हे?”

ठकूबाईचे ओठ हलले. “टॅबर्नेमोंटाना डायव्हॅरिकाटा. तगर. दुहेरी.”

डॉ. चौबळांनी पाटीकडे बघितलं. चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा बघितलं. त्यांना मजा वाटत होती. “पण पाटीवर तर गार्डेनिया लिहिलंय. पाटी खोटी की तुम्ही?”

ठकूबाईनं एक पान तोडलं आणि मधोमध मोडलं. पांढऱ्या चिकाचा टपोरा थेंब आला, तिच्या अंगठ्यावरून मनगटावर ओघळला. दुधानं भरलं पान. महिनाभर ती ते माझ्या कानाशी गात होती.

“झाड खोटं बोलत न्हाई, साहेब.”

“अगदी बरोबर!” म्हातारा खूश झाला. “अनंताला असा चीक नाही. मग खोटं कोण बोललं?”

सगळे प्राचार्यांकडे वळले. प्राचार्य माझ्याकडे वळले. “पाट्यांचं सगळं काम मिस सोवनींकडे होतं,” ते म्हणाले, आणि त्या एका वाक्यात कॉलेजनं माझ्यापासून चार पावलं मागं घेतली.

आता फक्त ‘चूक माझी’ एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. मला त्या वेळी मराठी, संस्कृत, इंग्रजी आणि कामापुरतं लॅटिन येत होतं. चारांपैकी एकही भाषा उपयोगी पडली नाही. मी पाटीकडे बघत राहिले, जणू ती स्वतःहून काही खुलासा करील.

ठकूबाईनं माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. पदराला हात पुसला.

“पाट्या बाईंनी बरोबरच लावल्या हुत्या,” ती म्हणाली. “काल पानी घालताना दोन्ही उपटून पडल्या. म्या रोवल्या परत. मला कुठं वाचता येतंय? झाल्या उलट्या.”

मग चहावाले दोघे हसले. प्राचार्य हसले नाहीत. त्यांची सुटका झाली होती आणि सुटलेला माणूस फार कडक होतो. “कमिटीच्या आदल्या दिवशी पाट्यांना हात लावलास? विचारता येत नव्हतं कुणाला? बघितलंत ना डॉक्टर, अडाणी माणसाच्या हाती उद्यान दिलं की काय होतं ते!”

“पण बाईंना झाड बरोबर ओळखता आलं,” डॉ. चौबळ सावकाश म्हणाले. भिंग त्यांच्या हातात होतं आणि ते त्यातून झाडाकडे नाही, माझ्याकडे बघत होते. “पाट्या वाचणारे बरेच मिळतील.”

“उद्यान पाट्यांवर चालतं, सर,” प्राचार्य म्हणाले. आमच्या कॉलेजात बोललं गेलेलं हे सगळ्यात खरं वाक्य.

संध्याकाळी मी सातव्या वाफ्यात जाऊन दोन्ही पाट्या उपटल्या आणि अदलाबदल करून रोवल्या. चूक सुधारण्याच्या बाबतीत मी तत्पर होते. फक्त ती कुणाची, एवढं सांगायचं राहिलं होतं. ठकूबाई विहिरीवर खुरपं धूत होती.

“मी उद्या बोलते प्राचार्यांशी,” मी म्हटलं.

“बोला की,” ती म्हणाली. “आदी त्या इंदूरवाल्यास्नी पत्र धाडा.”

अहवाल उत्तम आला. पाट्यांच्या सुबक अक्षरांचा त्यात खास उल्लेख होता. एप्रिलमध्ये मी कायम झाले, वडिलांनी इंदूरला नकार कळवला, आणि बाग ठेकेदाराकडे गेली. ठकूबाई महिनाअखेरपर्यंत येत राहिली, मग दिसेनाशी झाली. ठेकेदाराच्या माणसांनी पारिजातक तोडला, कारण तो रोज सकाळी कचरा करतो. त्याची पाटी मात्र पुढे चार वर्षं तिथेच रोवलेली होती. दुःखी झाड. शेवटी नावाला जागलं.

माझं ते ‘उद्या’ छत्तीस वर्षांचं निघालं. मधल्या काळात मी विभागप्रमुख झाले, माझ्या पसंतीनं लग्न केलं, नाव उज्ज्वला सोवनीच ठेवलं, आणि दरवर्षी पहिल्या वर्गाला दुधी चीक असलेली पानं मोडून दाखवत आले. मुलांना वाटायचं, बाई किती प्रत्यक्षावर भर देतात.

निवृत्त झाले त्याच आठवड्यात मी पलीकडच्या काठावर गेले; ठकूबाईनं तिथे रोपवाटिका काढल्याचं कानावर होतं. पत्ता शोधायला कष्ट पडले नाहीत. ठकूबाईची रोपवाटिका कुठे, म्हणून विचारलं तर पोरंसुद्धा सांगत होती. रस्त्याकडेला काळ्या पिशव्यांतली रोपं, एकावरही पाटी नाही. आत एक गिऱ्हाईक ‘डास पळवणारं काहीतरी’ मागत होतं आणि ठकूबाईची नात त्याला ते देत होती. म्हातारी अंगणात पोत्यावर बसून पिशव्यांत माती भरत होती. तिनं मान वर केली, डोळे बारीक केले.

“सोवनीबाई न्हवं का? चष्मा जाड झाला.”

मी तिच्यासमोर मातीतच बसले. बसमध्ये तयार केलेलं चांगलं वाक्य होतं, दोन उपवाक्यं असलेलं. ते आलं नाही.

“ठकूबाई, ती तगरीची पाटी मी चुकवली होती. तुम्ही सांगितलं होतंत पान मोडून बघा म्हणून. मी बघितलं नाही. आणि त्या दिवशी तिथे उभी राहून गप्प बसले.”

तिनं पिशवी जमिनीवर आपटून माती बसवली. “ह्ये सांगायला आलाय?”

“हो.”

“मला वाटलं रोप न्यायला आला.” मग पोटातून हसली, दात नसलेलं हसू. “अवो, मला म्हाईतच हुतं की. आनि त्या भिंगवाल्या म्हाताऱ्यालाबी. म्हाईत न्हवतं त्ये तुमच्या खर्शीकरांना, आनि त्यांना कायच म्हाईत नसायचं.”

“तुमची नोकरी गेली.”

“गेली. लई रडले. महिनाभर हितं बसून रडले, तुमाला शिव्या दिल्या. खोटं कशाला बोलू?” तिनं दुसरी पिशवी घेतली. “आता सांगा, तुमाला नदी केली का कुनी?”

“नाही.”

“अजून उज्ज्वलाच?”

“उज्ज्वलाच.”

“मग झालं.” ती माती भरू लागली.

“झालं कसं? तुम्ही का केलंत ते? मी तुमची कोण?”

तिनं नजर पलीकडे वळवली. अंगणाच्या कडेला एक झाड होतं, तीसेक वर्षांचं असेल. खाली बारीक तपकिरी फुलं पडली होती. वाळली तरी वास जात नाही ती. कॉलेजातल्या विहिरीजवळच्या त्या झाडाचीच जात, मी ओळखलं.

“मिमुसॉप्स एलेंगाय,” मी म्हटलं.

“त्या नावानं न्हाई लावलं त्ये.” तिनं हातातली पिशवी खाली ठेवली. “सासू गेली त्या साली लावलं. बाई, मी तेरा वर्सांची हुते. मांडवात कुनाच्या तरी ध्यानात आलं, नवरीचं नाव आनि सासूचं नाव एकच. मग एका घरात दोघी कशा चालायच्या? तितंच तांदळात नवं नाव लिवलं. बरं, लिवलं तर लिवलं, गपचिप म्हायेरचं नाव मनात तरी घ्यावं, तर त्येबी न्हाई. सासूचं नाव सुनेनं घ्यायचं नसतंय. माजंच नाव, आनि मलाच बंदी. पंचवीस वर्सं. तुम्ही त्या दिवशी हसत सांगितलं, क्षिप्रा का काय त्ये. मला काय हसू आलं न्हाई.”

नात रोप बांधता बांधता थांबली होती. “आज्जी, हे तू आम्हाला कधी सांगितलं नाहीस.”

“इचारलं कुनी? ह्या बाईंनी इचारलं हुतं एकदा, भाकरी खाताना. तवा म्हनलं, ऱ्हाऊ द्या.”

तिनं हात झटकले, मातीतून एक फूल उचललं, माझ्या तळहातावर ठेवलं, आणि पहिल्यांदा झाडाकडे न बघता, माझ्याकडे बघून म्हणाली,

“बकुळा. बकुळा नाव माजं.”